मनाचा तोल राखणारा क्षार

घरांत कोणाला ज्वर आला, तर शेजारचीं चार माणसें विचारपूस करण्यास येतात, आणि आपणही त्यांना ताप किती, औषध कोणाचें, पथ्य काय, हें मोकळेपणानें सांगतों. मधुमेहाच्या गोळ्या तर जेवणाच्या पानाशेजारीं उघड्या ठेवून घेतल्या जातात. परंतु त्याच घरांत कोणाच्या मनाचा तोल गेला, कीं दारें लोटलीं जातात, आवाज उतरतात, आणि औषधाची डबी कपाटांत सोंवळ्याच्या वस्त्रांखालीं जाते. आमच्याही घरीं ती तशीच गेली होती, आणि ती तेथें ठेवणारा मीच होतों. त्या डबींतील औषधाचा इतिहास, त्याचे गुणदोष, आणि तें लपविल्याबद्दल आम्हांला द्यावी लागलेली किंमत, या गोष्टी चार कुटुंबांच्या उपयोगी पडाव्या म्हणून हा लेख लिहीत आहें.

आमचें कुटुंब एकत्र. वडील लवकर गेल्यामुळें घराचें कर्तेपण मजकडे आलें. माझा धाकटा भाऊ एका पतपेढींत हिशेबनीस होता. स्वभावानें अत्यंत मितभाषी. १९९६ च्या मार्गशीर्षांत तो अकस्मात् बोलका झाला. पहाटे तीनला उठून अंगण झाडावें, मोठ्यानें स्तोत्रें म्हणावीं, जिन्याला रंग द्यावा, आणि दिवसभर पतपेढींत काम करूनही थकूं नये, असा त्याचा क्रम सुरू झाला. आम्हांला कौतुकच वाटलें. 'उशिरा कां होईना, अंगीं उद्योग शिरला,' असें मीच आईला म्हणालों. पंधरा दिवसांत त्याची झोंप दोन तासांवर आली. एका वाक्याचा दुसऱ्याशीं संबंध लागेना. गांवोगांवीं संस्कृत पाठशाळा काढण्याचा बेत निघाला, आणि त्याकरितां पत्नीच्या चार पाटल्या विकून तो मोकळा झाला. कोणी अडविलें तर अंगावर धांवे. दोन महिन्यांनीं हें वारें ओसरलें, तों अगदीं उलट प्रकार सुरू झाला. भिंतीकडे तोंड करून तो पडून राही. स्नान नको, अन्न नको. स्वतःचें लेंकरूं जवळ आलें तरी डोळ्यांत ओळख दिसेना. 'दादा, मीं घर बुडविलें,' एवढेंच वाक्य तो दिवसांतून दहा वेळां म्हणे.

दृष्ट काढून झाली, अनुष्ठान झालें, जागा बदलून पाहिली. मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यास आम्हीं चार महिने लावले; कारण, खरें सांगावयाचें तर, त्या दवाखान्याची पायरी चढतांना कोणी पाहील, हीच भीति रोगापेक्षां मोठी वाटत होती. त्या डॉक्टरांनीं शांतपणें सारें ऐकून घेतलें आणि सांगितलें, 'मास्तर, हे दोन रोग नव्हेत. एकाच रोगाचीं हीं दोन टोंकें आहेत.'

या रोगाला आज द्विध्रुवीय विकार किंवा सरळ 'बायपोलर' म्हणतात. मनाची भरती-ओहोटी सर्वांनाच असते. परंतु या रोगांत भरती बांध फोडते आणि ओहोटीच्या वेळीं पात्र कोरडें पडतें. आपल्या चरकसंहितेंत निदानस्थानांत व चिकित्सास्थानांत उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहेत; म्हणजे मनाचे विकार हे वैद्यकाचे विषय होत, ही जाणीव आपल्याकडे प्राचीन आहे. उन्माद आणि विषाद आळीपाळीनें येणारा हा एकच विकार आहे, हें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फाल्रे आणि बायार्जे या फ्रेंच वैद्यांनीं स्पष्टपणें मांडलें. पुढें क्रेपेलिन या जर्मन पंडितानें १८९९ त त्याला उन्माद-विषादाचा रोग म्हणून वेगळें स्थान दिलें. रोगाला नांव मिळालें, पण औषध मिळण्यास आणखी पन्नास वर्षें जावीं लागलीं.

डॉक्टरांनीं माझ्या भावाला जें औषध दिलें, तें कोणत्याही कारखान्यांत नव्यानें निर्माण केलेलें रसायन नव्हतें. तो एक साधा क्षार होता : लिथियम कार्बोनेट. लिथियम हा धातु १८१७ सालीं स्वीडनमध्यें आर्फवेडसन या तरुण रसायनज्ञाला एका खनिजांत सांपडला. तो दगडांत सांपडला म्हणून 'दगड' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव पडलें. सर्व धातूंमध्यें हा सर्वांत हलका; तेलावरही तरंगतो. आपल्या नेहमींच्या मिठांत जो सोडियम असतो, त्याचा हा सख्खा भाऊबंद. हें नातें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

एकोणिसाव्या शतकांत यूरिक अ‍ॅसिड सांचून सांधे धरणाऱ्या रोगावर लिथियमचे क्षार देत असत. मनोविकारावरही डेन्मार्क आणि अमेरिका येथील एकदोन वैद्यांनीं ते वापरून पाहिले होते. परंतु तें ज्ञान विस्मृतींत गेलें. १९२९ सालीं अमेरिकेंत निघालेल्या 'सेव्हन-अप' या पेयांतसुद्धां आरंभीं लिथियमचा क्षार घालीत असत, असें सांगितलें तर आज कोणास खरें वाटणार नाहीं!

या विस्मृत क्षाराला त्याचें खरें कार्य मिळालें तें ऑस्ट्रेलियांत. जॉन केड नांवाचे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धांत सिंगापूरच्या चांगी येथें जपान्यांच्या कैदेंत तीन वर्षांहून अधिक काळ होते. सुटून आल्यावर मेलबोर्नजवळील बंडूरा येथील मनोरुग्णालयांत ते काम करूं लागले. उन्मादाच्या रोग्याच्या शरीरांत कांहीं विषारी द्रव्य वाढत असावें आणि तें मूत्रावाटे बाहेर पडत असावें, अशी त्यांची कल्पना. त्या कल्पनेच्या मागें जातां जातां त्यांनीं गिनीपिग नांवाच्या लहान प्राण्यांना लिथियमचा क्षार टोंचून पाहिला, तों एरवीं जरा धक्का लागला तरी दचकणारे ते प्राणी उताणे ठेवले तरी शांत पडून राहिले. केडचा मूळ तर्क पुढें खरा ठरला नाहीं, आणि ते प्राणी कदाचित् औषधाच्या अतिरेकानें सुस्त पडले असावे, असेंही पुढील शास्त्रज्ञ म्हणतात. परंतु त्यांतून हातीं लागलेली गोष्ट मात्र अमोल ठरली. केडनीं तो क्षार आधीं स्वतः घेऊन पाहिला आणि मगच मार्च १९४८ मध्यें तो रोग्यास दिला.

तो पहिला रोगी ५१ वर्षांचा होता आणि पांच वर्षें सतत उन्मादावस्थेंत होता. कांहीं आठवड्यांत तो शांत झाला आणि कांहीं महिन्यांत घरीं परतून आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. उन्मादाच्या दहा रोग्यांवरील हा अनुभव केडनीं सप्टेंबर १९४९ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या वैद्यक नियतकालिकांत प्रसिद्ध केला. परंतु या कथेचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. तो पहिला रोगी घरीं गेल्यावर औषध घेण्याविषयीं बेफिकीर झाला आणि पुनः रुग्णालयांत आला. आणि अखेरीस १९५० त लिथियमच्याच विषारानें त्याचा अंत झाला. म्हणजे औषध सोडल्याचा धोका आणि औषध अधिक झाल्याचा धोका, हे दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यांत दिसून आले. या औषधाचें सारें शास्त्र या दोन धोक्यांच्या मधल्या अरुंद वाटेनें चालण्याचें आहे.

ही वाट मोजण्याचें साधनही लवकरच मिळालें. औषध घेणाऱ्याच्या रक्तांत लिथियम किती आहे, हें मोजण्याची पद्धत मेलबोर्नच्याच संशोधकांनीं १९५१ च्या सुमारास उपयोगांत आणली. पुढें डेन्मार्कमधील मोगेन्स स्कौ यांनीं १९५४ सालीं काटेकोर प्रयोगानें उन्मादावरील त्याचा गुण दाखविला. या स्कौंच्या सख्ख्या भावाला वर्षानुवर्षें विषादाचे झटके येत. लिथियम सुरू केल्यावर ते थांबले. ही गोष्ट स्कौंनीं स्वतःच पुढें जगाला सांगितली. मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षां या धैर्याचा अधिक आदर वाटतो.

स्कौ आणि त्यांचे सहकारी बॉस्ट्रुप यांचा १९७० मधील प्रयोग प्रत्येक घरच्या कर्त्या माणसानें ध्यानांत ठेवावा असा आहे. लिथियमवर बऱ्या असलेल्या ८४ स्त्रिया त्यांनीं निवडल्या. त्यांपैकीं ४५ जणींना खरी गोळी चालू ठेवली. ३९ जणींना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. कोणाला कोणती, हें त्यांना ठाऊक नव्हतें. पांच महिन्यांत खरी गोळी घेणाऱ्यांपैकीं एकीचाही रोग उलटला नाहीं. पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकीं २१ जणींचा उलटला. त्या बऱ्या होत्या, हें खरेंच. पण गोळी घेत होत्या म्हणून बऱ्या होत्या.

१९७० सालीं सिद्ध झालेली ही गोष्ट २००१ सालीं मला ठाऊक नव्हती.

औषध सुरू होऊन चार वर्षें झालीं होतीं. भाऊ पतपेढींत पूर्ववत् काम करी, घरांत हंसे-बोले, पत्नीच्या पाटल्या त्यानें पगारांतून पुनः करून दिल्या होत्या. त्या वर्षीं आमच्या धाकट्या बहिणीच्या विवाहाची बोलणी चालली होती. पाहुणे घर पाहण्यास येणार. कोनाड्यांत ती गोळ्यांची डबी. मीं ती उचलून कपाटांत सोंवळ्याखालीं ठेवली आणि भावाला म्हणालों, 'आतां तूं खडखडीत बरा आहेस. किती दिवस हें विष पोटांत घालणार? बंद कर.' तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. 'दादा म्हणतात तसें,' एवढेंच बोलला. डॉक्टरांना विचारण्याचें मला सुचलेंही नाहीं.

दीड महिना कांहीं घडलें नाहीं, आणि मला माझ्या शहाणपणाचा अभिमान वाटूं लागला. सातव्या आठवड्यांत त्याची झोंप उडाली. साखरपुड्याच्या दिवशीं व्याह्यांच्या मंडळींसमोर तो चार तास अखंड बोलत होता, आणि त्यांतील एकही वाक्य येथें लिहिण्यासारखें नाहीं. तें लग्न मोडलें. भावाला रुग्णालयांत ठेवावें लागलें. नंतर जो विषाद आला तो पहिल्याहून खोल होता. एका पहाटे तो घरांत दिसेना म्हणून शोधावयास गेलेल्या त्याच्या पत्नीला तो गांवाबाहेरच्या विहिरीच्या कांठीं बसलेला आढळला. ती त्याच्याशेजारीं जाऊन बसली आणि उजाडल्यावर त्याला हात धरून घरीं घेऊन आली. त्या माउलीनें मला आजतागाईत एक शब्द लावून विचारलेलें नाहीं. विचारलें असतें तर बरें झालें असतें.

डॉक्टरांनीं मात्र विचारलें. 'मास्तर, चष्मा लावल्यावर दिसूं लागलें, म्हणून कोणी चष्मा काढून ठेवतो काय?' मग त्यांनीं समजावून सांगितलें, कीं अशीं औषधें एकदम तोडलीं असतां रोग उलटण्याचा संभव विशेष वाढतो. कांहीं कारणानें तीं थांबवावयाचींच झालीं, तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, हळूहळू, महिनोमहिने मात्रा उतरवीत थांबवावीं लागतात. लिथियमचा एक विशेष गुणही त्यांनीं तेव्हां सांगितला : या रोगांत आत्मघाताचें जें भय असतें, तें कमी करण्याच्या बाबतींत या क्षाराइतका पुरावा दुसऱ्या कोणत्याही मनोविकारावरील औषधाचा क्वचितच असेल.

आतां दुसऱ्या धोक्याची गोष्ट, म्हणजे औषध अधिक होण्याची. २००९ च्या चातुर्मासांत आईनें नेहमींप्रमाणें अळणी जेवण्याचा नेम धरला. आपण बरे झालों या कृतज्ञतेनें भावानेंही तो नेम तिच्याबरोबर धरला. बाराव्या दिवशीं चहाचा पेला त्याच्या हातांत थरथरूं लागला आणि चहा सांडला. दुसऱ्या दिवशीं ओकाऱ्या सुरू झाल्या, जीभ जड झाली, आणि चालतांना तो झोकांड्या खाऊं लागला. डॉक्टरांनीं तत्काळ रक्त तपासून घेतलें. लिथियमचें प्रमाण धोक्याच्या रेषेपलीकडे गेलें होतें. गोळी थांबवून शिरेवाटे सलाइन देण्यांत आलें आणि चार दिवसांनीं तो घरीं आला.

गोळी तीच, मात्रा तीच. मग असें कां झालें? येथें मघाचें भाऊबंदकीचें नातें आठवावें. आपलें मूत्रपिंड सोडियम आणि लिथियम यांत फारसा भेद करीत नाहीं. जेवणांतील मीठ एकाएकीं कमी झालें, कीं मूत्रपिंड सोडियम वांचविण्याच्या खटपटीला लागतें आणि त्याच्याबरोबर लिथियमही शरीरांत परत ओढून घेतें. घाम, जुलाब, ओकाऱ्या किंवा निर्जळी उपवास यांमुळें शरीरांतील पाणी व क्षार घटले तरी हाच प्रकार होतो. १९४९ सालीं अमेरिकेंत याचा भयंकर प्रत्यय आला होता. हृदयविकारानें ज्यांना मीठ वर्ज्य होतें, अशा रोग्यांना मिठाच्या ऐवजीं लिथियम क्लोराइड अन्नावर शिंपडण्यास बाजारांत मिळूं लागलें. मीठ बंद आणि लिथियम भरपूर, असा योग जुळल्यामुळें कित्येकांना विषबाधा झाली, कांहीं मृत्युमुखीं पडले, आणि तें द्रव्य बाजारांतून काढून घ्यावें लागलें. आमच्या स्वयंपाकघरांत साठ वर्षांनीं त्याचीच लहान आवृत्ति निघाली होती.

डॉक्टर आईला नमस्कार करून म्हणाले, 'आई, याच्या देवाला मीठ चालतें बरें!' त्या दिवसापासून भावाचें पान ती स्वतः वाढूं लागली, आणि आपल्या रीतीप्रमाणें सर्वांआधीं मीठ वाढतांना त्याच्याकडे पाहून हंसे.

याचा अर्थ मीठ अधिक खावें असा नव्हे. एकाएकीं वाढविलें तर औषधाचें प्रमाण उतरतें. मीठ आणि पाणी रोज सारखें असावें, हें सूत्र. एकादशी, हरतालिका, अळणी नेम अशा प्रसंगीं लिथियम घेणाऱ्यानें डॉक्टरांना आधीं विचारावें. फलाहार व पाणी घेऊन उपवास केल्यानें भक्तींत उणेपणा येत नाहीं. अंगदुखीवर दुकानांतून सहज आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या, तसेंच रक्तदाबावरील कांहीं औषधें, हीं देखील रक्तांतील लिथियम वाढवितात. म्हणून दुसऱ्या कोणत्याही वैद्याकडे गेल्यास ही गोळी चालू आहे हें प्रथम सांगावें. लपविण्याची सवय येथें प्राणावर बेतते.

रक्ततपासणी शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनीं, म्हणजे बहुधा सकाळची गोळी घेण्यापूर्वीं, करावयाची असते. एक लिटर रक्तद्रवांत साधारण ०.६ ते १.० मिलिमोल हें प्रमाण हितकर मानितात, १.५ च्या पुढें धोका. आरंभीं ही तपासणी वरचेवर, आणि प्रमाण स्थिर झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनीं करितात. त्याबरोबर मूत्रपिंड आणि गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि यांचीही परीक्षा करावी लागते, कारण दीर्घकाळांत या दोहोंवर औषधाचा परिणाम होऊं शकतो. तहान लागणें, लघवी अधिक होणें, बोटांना बारीक कंप सुटणें, वजन वाढणें, असे त्रासही कित्येकांना होतात. ते सोसत बसूं नयेत, आणि त्यांपायीं गोळी फेकूंही नये, डॉक्टरांना सांगावे.

लिथियम सर्वांनाच मानवतें असें नाहीं. ज्यांना तें चालत नाहीं त्यांच्याकरितां व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन अशीं औषधें आहेत. मूळचीं हीं अपस्माराचीं, परंतु मनाचा तोल राखण्यासही उपयोगी ठरलेलीं. यांतील व्हॅल्प्रोएटविषयीं घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं एक गोष्ट अवश्य जाणावी : गर्भावस्थेंत तें घेतल्यास मुलांत व्यंग व बुद्धीचें न्यून उत्पन्न होण्याचें भय मोठें आहे. म्हणून ज्या मुलीला किंवा सुनेला असें औषध चालू आहे, तिच्या विवाहाची वा अपत्याची वेळ येण्यापूर्वींच डॉक्टरांचा विचार घ्यावा. घाबरून स्वतःच औषध तोडणें हाही तितकाच मोठा धोका होय.

ज्यांना कोणास विचारावें हेंच कळत नसेल, त्यांच्याकरितां शासनानें ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही दूरध्वनीची सेवा सुरू केली आहे; १४४१६ या क्रमांकावर मराठींतून बोलतां येतें. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें विम्याच्या बाबतींतही शरीराच्या आणि मनाच्या आजारांत भेद करूं नये असें ठरविलें आहे. कायद्यानें जो भेद पुसला, तो आपण माजघरांत कां जपावा?

बहिणीच्या विवाहाचें काय झालें, असें वाचक विचारतील. दोन वर्षांनीं दुसरें स्थळ आलें. त्या वेळीं मुलगी दाखविण्यापूर्वींच मीं व्याह्यांना भावाच्या आजाराची हकीकत सांगितली. डबी कोनाड्यांत होती, तिकडे बोटही दाखविलें. ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'माझ्या चुलत्यांना हेंच होतें. औषध मात्र नव्हतें.' तें लग्न झालें.

आतां आई नाहीं. भाऊ निवृत्तीला आला आहे. रोज रात्रीं जेवण झालें, कीं तो तांब्याभर पाणी घेऊन कोनाड्यापाशीं जातो, गोळी घेतो, आणि जातां जातां मला विचारतो, 'दादा, तुमची रक्तदाबाची घेतलीत ना?' आम्हां दोघांच्या डब्या शेजारीं शेजारीं आहेत. ज्यांच्या घरीं अशी एकादी डबी कोठें तरी घडीखालीं दडलेली असेल, त्यांनीं ती आज बाहेर काढून उजेडांत ठेवावी, आणि ती बंद करण्याचा शब्द घरांतील कोणत्याही दादानें स्वतःच्या अधिकारांत उच्चारूं नये, एवढें झालें तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें मी समजेन.